विंगेतल्या कुजबुजबाई

गावातली नाटकमंडळी त्यांना कुजबुजबाई म्हणत, आणि बाईंना त्याचा राग येत नसे. काम खरोखरच कुजबुजीचं होतं. दिवसा सभागृहाच्या कचेरीत बसून तारखा द्यायच्या, पंखे आणि खुर्च्या धड आहेत का बघायचं; आणि नाटक असलं की संध्याकाळी त्याच सभागृहाच्या विंगेत, स्टुलावर, मिणमिणत्या दिव्याखाली संहिता मांडीवर घेऊन बसायचं. नट अडखळला की पुढचे दोन शब्द त्याच्या कानात सोडायचे. नटाला ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेला सुगावा लागू नये, इतक्या बेताने. टाळ्या नट घेत. बाईंना पडद्यापुढे कधी कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी त्या गेल्या नसत्या.

या धंद्याची एक खोड मात्र हाडात मुरते. नाटकात मुद्दाम ठेवलेली शांतता वेगळी, अडलेली शांतता वेगळी. अडलेली शांतता बाईंना सहनच होत नसे. डोक्याने हो-नाही म्हणायच्या आत ओठ हललेले असत. घरीदारी तेच. शेजारीण दारात येऊन "अहो, तुमची ती जरा... ती..." म्हणाली की बाई आतूनच ओरडत, "किसणी! घेऊन जा." मुलगी वैतागायची.

"आई, माझं वाक्य मला पुरं करू दे ना गं!"

"मग कर की लवकर. किती वाट बघायची?"

नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स होती, पण कंत्राटी. दर वर्षी नोकरी संपायची, दर वर्षी पाया पडून पुन्हा मिळायची. कायम होण्याचा कागद कुठल्या तरी टेबलावर अडकला होता, आणि मायलेकींचं सगळं आयुष्य त्या कागदापाशी येऊन थांबलं होतं.

त्या गावात पक्ष म्हटलं की एकच. दुसरे नव्हते असं नाही. एकाच्या कचेरीला कुलूप होतं, दुसऱ्याचे पुढारी याच पक्षात येऊन बसले होते. लोक बोलत नसत असंही नाही. चहाच्या दुकानात पाण्यावरून, रस्त्यावरून तावातावाने सुरू होत, मग कुणी तरी आत आलं की एकदम क्रिकेटवर घसरत. अळीमिळी गुपचिळी. घसरला नाही तो एकटा छापखानेवाला. गावात पाणी एक दिवसाआड येतं, मग पक्षाच्या कचेरीपुढचं कारंजं रोज कसं उडतं, एवढाच प्रश्न त्याने पत्रकावर छापला आणि बाजारात वाटला. एका दुपारी पांढऱ्या गाडीतून दोन जण आले. मोठ्या अदबीने वागले म्हणे. "थोडी चौकशी आहे, चहाच्या वेळेला परत आणून सोडतो." थंडी संपली, उन्हाळा लागला, तरी ती चहाची वेळ काही झाली नाही.

हाच छापखानेवाला नाटकात नोकराची कामं करायचा आणि दोन ओळींची वाक्यंही विसरायचा. त्याला सांगून सांगून बाईंचा घसा बसलेला. तरीही तो गेल्यावर बाईंनी काय केलं? सगळ्यांनी केलं तेच. त्याची बायको समोरून दिसली की रस्ता ओलांडला. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. इथे सुपातले हसतही नव्हते, नुसते अंग चोरून बसले होते.

आणि अशात एके सकाळी पक्षाचा चिटणीस बाईंच्या कचेरीत येऊन बसला. तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, सगळ्यांना नात्याने हाक मारणारा माणूस.

"मावशी, आपल्या सभागृहात खुली चर्चा घेतोय. टीव्हीवाले येणार. लोक मनमोकळं विचारणार, साहेब मनमोकळी उत्तरं देणार."

"मग तारीख घ्या. माझं काय काम?"

"मनमोकळं बोलताना लोक विसरतात ना, मावशी." तो हसला आणि त्याने टाइप केलेले प्रश्न टेबलावर ठेवले. कोणी काय विचारायचं ते ठरलेलं होतं. न्हाव्याने रस्त्यावरचे दिवे, निवृत्त मास्तरांनी बाग, आणि छापखानेवाल्याच्या बायकोने शिलाई मशीनची योजना.

"ती?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"का नाही? पक्ष सूड घेतो असं लोक बोलतात. बघू देत. तिलाही सांगितलंय, तुझं नीट पार पडलं तर घरचंही नीट होईल." उठता उठता तो म्हणाला, "अरे हो, तुमच्या मुलीचा कागद माझ्याकडेच आलाय. सहीला."

हवापाण्याची गोष्ट करावी तसं बोलला. दगडाखाली हात सापडला की बोटं हलवून बघायचीसुद्धा चोरी.

"यात घाबरायचं काय आहे?" मुलगी म्हणाली, पण दार आधी लावून घेतलं. "वाचून दाखवायचं आणि घरी यायचं. आई, या एका वेळेला शहाण्यासारखं वाग."

खुल्या चर्चेची तालीम झाली. हो, तालीमच, न्हाव्याला तर "जरा रागाने विचार, खरं वाटलं पाहिजे" असंही सांगण्यात आलं. बिचारा हजामतीच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकावरही कधी चिडला नव्हता. छापखानेवाल्याची बायको मात्र शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा म्हणून गेली. नंतर पाण्याच्या नळापाशी ती बाईंना गाठून उभी राहिली. आता ओलांडायला रस्ता नव्हता.

"ताई, मी तिथे विसरले तर?"

"मी आहे ना." प्रत्येक नटाला दिलेलं ठरावीक उत्तर बाईंनी तिलाही दिलं.

तिने ओंजळीतलं पाणी तसंच सोडून दिलं. "कुठे आहे एवढंच सांगावं हो त्यांनी. बाकी काही नको. जिवंत नसला तरी सांगावं."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि नळ जोरात सोडला.

चर्चेच्या दिवशी सभागृह भरलं. पक्षाचे साहेब मधल्या खुर्चीत, बाजूला चिटणीस, समोर कॅमेरे. बाई विंगेत. न्हावी रागावायचं विसरला पण दिवे विचारून गेला. मास्तरांची बाग झाली, टाळ्या झाल्या. मग तिचं नाव पुकारलं. ती माइकपाशी आली. इस्त्रीची साडी, हात मात्र पदराशी चाळा करणारे.

"माझ्यासारख्या..." ती म्हणाली. थांबली. साहेबांकडे पाहत राहिली. "माझा नवरा..."

आणि शांतता. चिटणिसाने मान वळवून विंगेकडे पाहिलं. बाईंचं बोट 'शिलाई मशीन' या शब्दांवर होतं. तेच सांगायचं होतं, त्यासाठीच बसवलं होतं. पण माइकपाशी उभी होती तिचं अडलेलं वाक्य ते नव्हतं. ती शांतता बाईंच्या पाठीत शिरली आणि ओठ हलले.

"कुठे आहे?"

"कुठे आहे?" ती माइकवर म्हणाली. सगळ्या सभागृहात आवाज घुमला. "माझा नवरा कुठे आहे?"

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी खोकलंही नाही. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला. "बाईंची तब्येत बरी दिसत नाही," ते मायेने म्हणाले. दोन बायका आल्या, तिला दोन्ही कोपरांना धरून बाजूच्या दाराने घेऊन गेल्या. पुढचा प्रश्न गटारांचा होता.

बाई स्टुलावर बसून राहिल्या. हे काय करून बसलो आपण? पहिल्या रांगेला ऐकू गेलं नसणार. कधीच जात नाही. एका तिला सोडून कुणालाच नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की आपला जीव आता त्या एकीच्या जिभेवर आहे. आणि त्यांना तिची भीती वाटली. तिची, जिला धरून नेलं होतं! स्वतःच्या या विचाराची त्यांना शिसारी आली, पण भीती काही गेली नाही.

घरी त्यांनी मुलीला सांगितलं नाही. जेवण ताटात तसंच राहिलं. रस्त्यावर गाडी थांबली की त्या उठून खिडकीशी जात. ती दूधवाल्याची निघे.

दुसऱ्या दिवशी चिटणीस कचेरीत आला. दार लोटून घेतलं. खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"ऐका हं, मावशी."

'माझा नवरा...' मग शांतता. मग 'कुठे आहे?'

"आता पुन्हा. मधला आवाज वाढवून घेतलाय."

खरखर. त्या खरखरीत, खूप खोल, एक कुजबुज. दुसऱ्या कुणाला ओळखू आली असती की नाही, देव जाणे. बाईंना आली. जन्मभर केलेल्या कुजबुजीत त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. किती म्हातारा आवाज होता!

"ती म्हणते, माझं मलाच सुचलं. कालपासून तेच म्हणतेय. ऐकतच नाही." त्याने सुस्कारा टाकला, हट्टी मुलाबद्दल बोलावं तसा. "तुम्ही तिथेच होता. कुणी बोललं का?"

कालपासून. बाईंचं लक्ष त्या एका शब्दावर खिळलं. 'नाही' म्हटलं की मुलीचा कागद सुटणार होता, आणि तिकडे छापखानेवाल्याच्या बायकोला पुन्हा पहिल्यापासून विचारलं जाणार होतं. जन्मभर दुसऱ्यांना शब्द पुरवले आणि आपल्यावर वेळ आली तर जीभ टाळूला चिकटलेली. पंखा कुरकुरत होता. त्याला तेल द्यायचं राहिलंय, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मी बोलले," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात. त्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय?"

"मी बोलले. तिला सोडा. वाक्य तिचंच होतं, ती अडली, मी आठवण केली. प्रॉम्प्टर दुसरं काय करतो?"

चिटणीस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत मागे रेलून बाईंकडे नव्याने बघू लागला.

"म्हणजे वाक्य तुम्हाला ठाऊक होतं."

बाईंनी तारखांची वही मिटून बाजूला ठेवली.

"मावशी, तुम्ही गावात सगळ्यांकडे जाता, सगळे तुमच्याशी बोलतात. आणखी कुणाकुणाची अशी अडलेली वाक्यं ठाऊक आहेत तुम्हाला?" तो उठला, फोन खिशात टाकला. "उद्या पक्षाच्या कचेरीत या. निवांत बसू. तिला तोवर राहू दे."

त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. ती रडली, भांडली, "माझा तरी विचार करायचास!" म्हणाली. आणि आता कुठे बाईंना खरी भीती कळत होती. न्हावी दाढी करता करता काय पुटपुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. मास्तर बागेच्या बाकावर कुणाला शिव्या घालतात. किसणी न्यायला येणारी शेजारीण दारात उभी राहून काय बोलून जाते. नटाची विसरलेली ओळ जशी ठाऊक, तसं सगळं गाव त्यांना पाठ होतं. आपण विसरत नाही याचा त्यांना आयुष्यभर तोरा होता, आणि तीच गोष्ट आता उद्या टेबलावर मांडायला बोलावलं होतं.

सकाळी मुलगी ड्यूटीवर गेली नाही. चपला घालून दारात उभी राहिली.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. चल."

रस्ता ओळखीचा होता. न्हाव्याने त्यांना येताना पाहिलं आणि आरशाकडे तोंड फिरवलं. बाईंना त्याचा राग आला नाही. मुलीने दंड धरला होता.

"न्हावी काय बोलतो?" मुलगी खाली बघत म्हणाली.

"अगं, काय बोलतो म्हणजे, त्या दिवशी तो..."

"आई!"

"आठवत नाही."

"मास्तर?"

"आठवत नाही."

"लवकर बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसासारखं आठवून बघ, मग म्हण. शेजारीण काय बोलते?"

बाई चालता चालता थांबल्या. कारंज्याचा आवाज येत होता. तोंडात सगळी वाक्यं जिथल्या तिथे उभी होती, धक्का दिला की पडतील अशी.

"वय झालं हो," त्या म्हणाल्या. "काही आठवत नाही."

"हं." मुलीने त्यांच्या पदराची घडी नीट केली. तिची बोटंही गार होती. "असंच म्हण. कितीही वेळ गप्प बसला समोरचा, तरी तू मधे बोलायचं नाहीस. कळलं?"

पहारेकऱ्याने दार उघडलं. मुलीला बाहेर थांबायला सांगितलं. आतल्या लांब बोळात एका बाजूने दारं होती, सगळी बंद, आणि त्यांतल्या एका दारामागे एक बायकी आवाज, थांबत थांबत, तेच तेच काहीतरी सांगत होता. शब्द कळत नव्हते. मग तो आवाज मधेच अडला.

बाईंनी दोन्ही ओठ दाताखाली घट्ट धरले आणि चालत राहिल्या.