रोज रात्री येणारा पाहुणा

रविवारी आमच्या रायपूरच्या समता कॉलनीतल्या घरी मीटिंग होती, आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. बीपीची गोळी घेतली की नाही, तेही आठवेना... विचारलं तर प्राचीची आई म्हणाली, "आत्ताच तर घेतली माझ्यासमोर. किती वेळा विचारता?"

प्राची म्हणजे आमची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून ती इथे आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून एक ॲप बनवते आहे. रात्री जेवायला घरचे किती, पाहुणे किती, फ्रिजमध्ये काय पडलंय, एवढं त्यात टाकायचं. मग ते सांगतं कोणती भाजी आधी संपवा, तांदूळ किती घ्या. पातेल्यात काही उरलं नाही की फोनवर हिरवं पान उगवतं.

मी आठवी शिकलेला माणूस, सदर बाजारात कापडाच्या दुकानात उभ्याने आयुष्य गेलं. मला त्यातलं फार कळत नाही. पण आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबीर सडायची बंद झाली, एवढं दिसत होतं.

कॉलनीतल्या काही घरांनी हे ॲप उन्हाळाभर वापरून पाहिलं. रविवारी त्या घरांतल्या बायका येणार होत्या, आणि ज्या संस्थेकडून प्राचीला पुढची मदत मिळायची तिथल्या मॅडमपण. त्या नाही म्हणाल्या तर प्राची परत पुण्याला जाणार, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. ती आल्यापासून घरात निदान भांडायला तरी कुणी आहे... पुन्हा ते मुकं घर मला नको होतं.

पण मला घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा.

आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी बासी लागते. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो... रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन खायचा. पोट थंड राहतं, ऊन बाधत नाही. त्यासाठी रात्री भात मुद्दाम जास्तीचा टाकतात. आणि हे ॲप तर मोजूनमापून तांदूळ सांगणार! सुरुवातीलाच आमचं बासीचं भांडं रिकामं राहिलं.

प्राचीच्या आईने त्यावर उपाय काढला. रोज संध्याकाळी फोनवर एक पाहुणा वाढवायचा. पाहुण्याच्या वाट्याचा भात शिजला की तो भांड्यात, वर पाणी... आणि "काही उरलं का?" असं फोनने विचारलं की "नाही" दाबायचं. प्राचीला सगळ्या घरांचं एकत्रच दिसतं, कोणी काय टाकलं ते दिसत नाही. शिवाय ती उठते उशिरा आणि पिते नुसती कॉफी. तिला पत्ताच नाही.

मी म्हटलं, "अवं, सांगून टाक तिले." तर मलाच दम. "काहून? पान हिरवं येऊन राहिलं ना? पोट्टी खूश आहे. तुम्ही चूप बसा."

बसलो चूप. पण चैन कुठली... पोरीची एवढी मेहनत, आणि ती उभी खोट्या पाहुण्यावर.

रविवारी सगळ्या आल्या. कूलर घरघरत होता. प्राचीने टीव्हीवर तिचं ॲप लावलं, जिकडेतिकडे हिरवी पानं, आणि खाली रोजच्या पाहुण्यांचा एकूण आकडा, जवळजवळ घरांइतकाच. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "इतनी गर्मी में, हर घर में रोज मेहमान?"

"हमारा रायपुर ऐसा ही है, मॅम," म्हणत प्राची हसली... आणि मध्येच थांबली. तिने बायकांकडे पाहिलं, मग आईकडे. आई पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसत होती. शेजारच्या साहू भाभी पंख्याकडे बघत होत्या.

बोललो तर मॅडम उठून जातील, नाही बोललो तर पोरगी खोटी पडेल... शेवटी तोंडातून निघूनच गेलं, "पाहुणा नाही बेटा. बासी आहे ती."

साहू भाभी हळूच म्हणाल्या, "हव काका. हमारे यहाँ भी रोज यही मेहमान आता है."

सगळ्या बायका एकदम हसल्या. एकटी प्राची नाही. "आई, तू पण?"

"मग काय करू? तुझ्या फोनले भूक लागत नाही, तुझ्या बापाले लागते."

मॅडमनी पर्स उचलली. मला वाटलं, संपलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "सुबह के लिए रखा चावल बर्बादी थोड़े ही है. तुम्हारा ऐप उसे बर्बादी गिन रहा है. पहले ये ठीक करो, फिर मुझे बुलाना." म्हणजे धड हो पण नाही, धड नाही पण नाही...

प्राचीने टीव्ही बंद केला. मग बायकांमध्ये जमिनीवर येऊन बसली आणि विचारत सुटली. कोणाकडे किती लागते, थंडीत पण करता का, पोळ्या उरल्या तर काय करता... चहा पुन्हा टाकावा लागला.

साहू भाभींनी तेव्हा तोंड उघडलं नसतं तर मी एकटाच वेडा ठरलो असतो. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

काल संध्याकाळी फोनने नवाच प्रश्न विचारला. सकाळी बासी किती जणांना? मी दोन दाबणार, तेवढ्यात लॅपटॉपमधून मान वर न काढता प्राची म्हणाली, "बाबा, तीन टाका. मले पण."

मॅडम पुन्हा येतील तेव्हा काय होईल, हा घोर आहेच... पण तो पाहुणा गेला. काल रात्री आमच्या भांड्यात घरच्याच तीन माणसांचा भात भिजत होता.