मुठीतली गोळी

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अमरावतीच्या घरातला आमचा म्हातारा कुत्रा आठवतो. त्या उन्हाळ्यात तो सारखा कूलरच्या टाकीत तोंड घालायचा आणि आम्ही म्हणायचो, ऊनच तसं आहे. पण थंडीत कूलर झाकून ठेवला तरी त्याची तहान हटेना. पोट सुटलं, पाठीचे केस झडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, अंगात एक हार्मोन जास्त तयार होतोय. जन्मभर गोळी द्यावी लागेल, पण गोळीनं तो हार्मोन फारच उतरला तर जिवावर बेतेल. "ज्या दिवशी हा जेवणाले तोंड लावणार नाही, त्या दिवशी गोळी देऊ नका, तसाच घेऊन या." बाबांनी विचारलं, "अन् गोळी नाईच देल्ली तं?" "मंग असाच खंगत जाईन, काका." बाबांनी मान डोलावली. गोळीनं तहान उतरली. तरी रोज सकाळी आई भाकर कुस्करून ठेवायची, बाबा मुठीत गोळी धरून उभे राहायचे आणि त्यानं पहिला घास गिळला की मगच ती त्याला द्यायचे. एका सकाळी त्यानं भाकर हुंगली, बाबांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाबांची मूठ उघडलीच नाही. आज माझ्या घरात कुणी नुसतं "भूक नाही" म्हटलं, तरी माझी मूठ आपोआप मिटते.