पिवळ्या ओळी

धाड गावच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत ती पोरगी माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावर पिवळी ओळ आली की नखानं दात वाजवायची, काहीतरी बदलायची, पुन्हा चालवून पाहायची.

"बिघडलं काय माय?"

"नाही चाचा, चालून राह्यलं. ही पिवळी ओळ म्हणजे कॉम्प्युटर फक्त इशारा देते. हा प्रोग्राम लोकं फुकट नेतात, आपापल्या मशीनवर चालवतात."

"चालते, मंग काऊन एवढी खपून राह्यली?"

"माह्या मशीनवर चालते, चाचा. दुसऱ्याच्या मशीनवर बिघडलं, तर तिथं मी थोडीच राहीन?"

मी दुसरी शिकलेला, पण कोणाचं ऐकणारा नाही. तरी तिचं बोलणं ऐकून आमची विहीर आठवली. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर वर्षभर झिणझिण्या देत होता. सून वायरमन बोलवा म्हणून थकली. मी म्हणायचो, "मी चप्पल घालून दाबतो, मले काही होत नाही." ती मात्र ओल्या अनवाणी पायांनी दाबायची.

आलेली एसटी जाऊ दिली आणि वायरमनला घेऊनच घरी गेलो. त्यानं स्टार्टर उघडला, तर सोललेली वायर पेटीच्या पत्र्याला पुरती टेकायच्या बेतात.

सुनेला वाटतं, मी तिचंच ऐकलं. वाटू दे. ती मोटार लावायला निघाली की मी त्या अनोळखी पोरीला मनातून हात जोडतो.