कान्हेरीची गाईडबाई

आमच्या इतिहासाच्या बाई दर वर्षी दहावीच्या मुलींना एका दिवसाच्या सहलीला कान्हेरीच्या लेण्यांवर नेत. त्यांचा एक नियम होता. डोंगरावर गेल्यावर त्या स्वतः काही बोलायच्या नाहीत. वर्गातल्या एका मुलीनं सगळ्यांना लेणी दाखवायची आणि माहिती सांगायची. तिला ‘गाईडबाई’ म्हणत. माझी थोरली बहीण तिच्या वर्षी गाईडबाई झाली होती, आणि तिचं लग्न होऊन दोन वर्षं उलटली तरी आई आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगत असे. तेव्हा दहावीत पाऊल टाकलं त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, आमच्या वर्षीची गाईडबाई मीच.

त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. इतिहासात पहिला नंबर माझा असे. वडील ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. त्यांच्या ओळखीनं एका वकिलांच्या घरून मी लेण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातले उतारेच्या उतारे वहीत उतरवून काढले. कोणतं लेणं केव्हाचं, कुठल्या राजाच्या काळातलं, दान कोणी दिलं, सगळं तोंडपाठ केलं. तलावपाळीवर फिरायला गेलं की मी मनातल्या मनात घोकत चालायची.

एक नवी मुलगी आमच्या वर्गात आली ती त्याच वर्षीच्या जूनमध्ये. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहत होती. त्या जागेला सगळे ‘कॅम्प’ म्हणत, म्हणून वर्गानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘कॅम्पवाली’ ठेवलं. तिचे वडील ठाण्याच्या बाजारात खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन फिरत. पोरीला इथेच राहायचंय तर इथलीच भाषा येऊ दे, असं म्हणून त्यांनी तिला मराठी शाळेत घातलं होतं. आमच्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी होती. उंच, काटकुळी, पाठीवर लांब वेणी. मराठी शून्य.

बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं. मला म्हणाल्या, “हिला मराठी तू शिकव. तुझं बोलणं स्वच्छ आहे.”

मला ते काम फार आवडलं. मधल्या सुट्टीत मी एकेका वस्तूकडे बोट दाखवायची, ती तो शब्द तिच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, भराभर लिहून घ्यायची. “मी जेवण केला,” ती म्हणायची. “केलं,” मी म्हणायची. “मी पाणी पीतो.” “पिते!” तिला कुठलाही शब्द अडला की ती माझ्याकडे बघायची. आयुष्यात तोवर माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

दिवाळीनंतर मात्र चित्र पालटलं. तिला बऱ्यापैकी बोलता यायला लागलं आणि मुली तिच्याभोवती जमायला लागल्या. तिच्या डब्यातल्या मिऱ्यांच्या पापडासाठी भांडणं व्हायची. तिचं ‘केला’ नि ‘गेला’ ऐकून सगळ्या हसायच्या, पण ते हसणं लाडाचं होतं. मी कधी चुकायची नाही, त्यामुळे मला कोण हसणार? आणि बाई तिला ‘बाळ’ म्हणायला लागल्या. “बाळ, समजलं का?” “बाळ, पुढे येऊन बस.” पाचवीपासून मी त्या बाईंच्या हाताखाली होते. मला त्यांनी एकदाही बाळ म्हटलं नव्हतं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, “अगं, बिचारीचं घरदार गेलं.” ते खरंच होतं. खरं असल्यामुळे मला आणखीनच राग आला, कारण माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

सहल फेब्रुवारीच्या शेवटी ठरली. गाईडबाई म्हणून बाईंनी माझंच नाव घेतलं. सहलीच्या आधी त्यांनी माझी वही मागून घेतली, पूर्ण वाचली, आणि “मेहनत घेतलीस” एवढंच म्हणून परत दिली.

पहाटे शाळेपासून भाड्याची मोटार निघाली ती घोडबंदरच्या रस्त्यानं. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला डोंगर. मुली भेंड्या लावत होत्या. मी मांडीवर वही घेऊन शेवटची उजळणी करत होते, पण माझं अर्धं लक्ष पुढच्या बाकाकडे होतं. कॅम्पवालीला मोटार लागते म्हणून बाईंनी तिला स्वतःशेजारी, खिडकीपाशी बसवलं होतं, आणि तिच्या हातावर आवळासुपारी ठेवत होत्या.

डोंगराच्या पायथ्याशी सरकारनं राखलेलं उपवन होतं. दाट झाडी, थंडगार सावली, माकडं. तिथून जंगलखात्याचा एक पहारेकरी सोबत आला आणि आम्ही पायी वर निघालो. वर पोचलो तशी झाडी मागे राहिली. समोर नुसता काळा कातळ. उभा तुटलेला, बोडका, उन्हानं तापलेला. त्याच्या अंगात भोकं पाडावीत तशी लेणी. मुली “बाई गं!” करून पदरानं वारा घेऊ लागल्या. ती तेवढी उभी राहिली. कड्याकडे बघत हळूच म्हणाली, “हे आमच्यासारखं आहे.” मला वाटलं, आता हिचं डोंगरातसुद्धा घर निघालं!

मोठ्या खांबांच्या लेण्यात सगळ्यांना उभं करून मी सुरुवात केली. आत आवाज घुमत होता, तो ऐकून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. राजे झाले, दानं झाली, शतकं झाली. अर्ध्या तासानं कुणीतरी कुजबुजलं, “पाण्याची कळशी कुठंय गं?” सोबतचं पाणी पहिल्याच चढावर संपलं होतं. एक मुलगी खांबाला टेकून चक्क डोळे मिटून होती. मी आवाज चढवला. बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “पाठांतर छान झालंय.”

पाठांतर! मी गिळलं ते.

बाहेर आलो तर ती कातळावर गुडघे टेकून बसली होती. खडकात कोरलेली एक अरुंद पन्हळ होती, बोटभर खोल. तिच्यावरून ती बोट फिरवत पुढे पुढे सरकत होती.

“काय बघतेस, बाळ?” बाईंनी विचारलं.

“बाई, पाणी.”

“कुठाय पाणी?”

“आहे. ही जाते तिकडे आहे.”

ती पन्हळीमागून निघाली, तिच्यामागे बाई, त्यांच्यामागे सगळा वर्ग. एका लेण्याच्या अंगणाशी, कोपऱ्यात, कातळात चौकोनी तोंड होतं. ती पालथी झोपली, हात आत घातला आणि ओंजळ भरून वर आणली. स्वच्छ, थंडगार पाणी. मुलींनी एकच गिल्ला केला. पहारेकरी म्हणाला, “पोरीला बरोबर ठावं झालं. हितलं पानी उन्हाळ्यातबी आटत नाय.”

“तुला कसं गं कळलं?” बाईंनी विचारलं.

मग ती सांगायला लागली. तिचं गाव असल्याच बोडक्या डोंगराखाली होतं आणि गावासमोर नजर पोचेल तिथवर रेती. पाऊस वर्षातून दोनदा आला तर आला, एखाद्या वर्षी नाहीच. म्हणून जुन्या माणसांनी कड्यावर असल्याच पन्हळी खोदल्या होत्या. आधी पडणारं पाणी सोडून द्यायचं, दगड धुऊन निघायला. मागून येणारं धरायचं. पन्हळीच्या वरच्या अंगाला कुणी जोडे घालून गेलं तर तिचे आजोबा काठी घेऊन धावायचे. “इथे ज्यांनी केलं,” ती म्हणाली, “त्यांना पाणी काय ते माहीत होता.”

“होतं,” मी म्हटलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

बाई तिथल्या दगडी पायरीवर बसल्या. ऊन होतं, पायरी तापलेली होती, तरी पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, “सांग, सगळं सांग.” माझ्या वेळी त्या उभ्या होत्या. मघाशी डोळे मिटलेली मुलगीसुद्धा आता पुढे सरकून बसली होती. मला वाटलं, इथून खाली मोटारीपर्यंत पळत जावं.

तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. नेहमीसारखंच. हळू आवाजात म्हणाली, “ही पाणी ठेवायची जागा, दगडातली, हिला काय म्हणतात?”

टाकं. मला माहीत होतं. शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात, तेही माझ्या वहीत खाली रेघ मारून लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, “मोरी.”

तिनं मान डोलावली आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, “इथे प्रत्येक साधूच्या खोलीजवळ एक मोरी आहे. ते रोज मोरीतलं पाणी प्यायचे!”

मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पहारेकरीही तोंड फिरवून हसला. ती गोंधळून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी वहीत बघत होते. बाई हसल्या नाहीत. “टाकं, बाळ,” त्या म्हणाल्या, “पाण्याचं टाकं.” “टाकं,” ती म्हणाली. मग थोडंसंच बोलून तिनं आवरतं घेतलं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पण तो खाली उपवनात पोचेपर्यंतसुद्धा पुरला नाही. झाडाखाली डबे उघडले तेव्हा मुली “मोरीतलं पाणी दे गं!” म्हणून तिला चिडवत होत्या आणि तीही हसत होती. त्या चिडवण्यानं ती त्यांची आणखीनच लाडकी झाली. उंट चावतो का, रेतीत चालतात कसे, रात्री थंडी पडते का, मुलींचे प्रश्न संपेनात. माझी उरलेली चार लेणी सांगायची राहिली होती, पण एकीनंही त्यांची आठवण काढली नाही. मी साबुदाण्याची खिचडी तशीच माकडांना टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला शब्द विचारणं बंद केलं. भांडली नाही, बोलायची थांबली नाही, कुणाकडे तक्रारही केली नाही. फक्त अडलं की मागच्या बाकावरच्या मुलीकडे वळायची. सहलीवरचा तिचा निबंध बाईंनी फळ्याशेजारी लावला. येता-जाता तो माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

आठवड्यानं मी बाईंना गाठलं. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द झाला. मला ते सोसवेना, एवढंच. मी म्हटलं, “बाई, मोरी मी सांगितलं होतं.”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “तुझी वही मी वाचली होती ना? पोढी ज्या मुलीला माहीत, तिला टाकं माहीत नसेल?”

“मग तुम्ही रागावला नाहीत?”

“मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग.”

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. वडिलांची परवानगी काढून मी तिच्याबरोबर कल्याणला गेले. लांबलचक बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे बांधून एकेका कुटुंबाच्या खोल्या केलेल्या. तिच्या आईनं मला खाटेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. पडद्यापलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. मी एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, “मोरी मला माहीत होती. तिकडे नळाजवळची मोरी मी रोज धुते.”

“मग म्हणालीस का तसं?”

“मला वाटलं, तुमच्यात दोन्हीला एकच शब्द असेल. तू सांगितलं म्हणून.”

मी तिच्या आईनं पुढे केलेला पापड हातात धरून बसले होते.

“पण का केलंस?” तिनं विचारलं.

“बाई तुझं ऐकायला खाली बसल्या,” मी म्हटलं. “माझ्या वेळी उभ्या होत्या.”

ती अगदी मनापासून म्हणाली, “तुझं फार लांब होतं गं.”

तिची आई काही न कळून आमच्याकडे बघत होती. स्टेशनपर्यंत लेकच मला सोडायला आली. वाटेत आम्ही परीक्षेबद्दल बोललो. क्षमा केली, असं ती म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर आम्ही बऱ्या होतो. पण शब्द ती मागच्या बाकावरच विचारायची.

मॅट्रिकच्या आधीच तिच्या वडिलांनी इंदूरकडे दुकान मांडलं आणि ती गेली. दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं, बाईंच्या नावानं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळ्या ऐकत होत्या, मी चुका शोधत होते. एकही सापडली नाही. सगळ्या वर्गाला नमस्कार होता. मी बाईंकडून पत्ता घेऊन तिला लिहिलं. उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि हरवलं, कोण जाणे.

पुढे मीही शिक्षिका झाले, डोंबिवलीला संसार थाटला. बाई निवृत्त होऊन आमच्याच भागात मुलाकडे राहायला आल्या होत्या. एकदा संध्याकाळी बाजारात भेटल्या. पिशवीतून पाकीट काढून म्हणाल्या, “बघ, तिचं पत्र आलंय. दर दिवाळीला लिहिते हो! फोटो पाठवलाय या वेळी.” फोटोत ती, तिचा नवरा आणि कडेवर एक गुटगुटीत मुलगी. बाईंनी तो माझ्या हातात पुरता दिलासुद्धा नाही, एका कोपऱ्याला धरूनच दाखवला.

“अरे वा,” मी म्हणाले, आणि भाजी घ्यायला पुढे गेले.