बोलण्याआधीचा आवाज

सातवीच्या मुलांना मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सध्या आमचं आवाजावर काम चाललंय. मुलं घरातला एखादा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतात आणि त्यांनीच लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम पडद्यावर त्याचा आलेख काढतो. बोलणं सुरू होण्याआधीचं सगळं कापून टाकणारी एक ओळही मीच त्यात लिहायला लावली होती. त्या भागाला आम्ही वर्गात खुशाल कचरा म्हणतो.

काल सानिकाने आजोबांचा आवाज आणला. "सूनबाई, चहा टाक गं," एवढंच वाक्य. कापण्याआधीच्या आलेखात शब्दांच्या आधी एक बारकासा उंचवटा होता.

"मॅडम, हा नको ना कापायला," ती म्हणाली. "आजोबा खाकरले की कळतं, ते दारात आलेत."

माझे वडील, आमचे अण्णाही उंबऱ्याबाहेर असेच खाकरायचे. आई रेडिओ बारीक करायची, आम्ही भावंडं भांडण तिथंच सोडायचो. त्या एवढ्याशा आवाजाने अख्खं घर सावरून बसायचं.

"राहू दे," मी सानिकाला म्हटलं. "ती ओळच काढून टाक."

वर्ग रिकामा झाल्यावर मी माझा मोबाइल काढला. अण्णांचा एकच आवाज माझ्याकडे उरलाय, त्यांनी मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप: "पोहोचलीस का गं?" तो मी सानिकाच्या, ती ओळ काढलेल्या प्रोग्रॅममध्ये घातला. आलेख थेट शब्दांपासूनच सुरू झाला. त्याआधी कापण्यासारखं काहीच नव्हतं.

फोनवर बोलताना अण्णा कशाला खाकरतील?