छपरात खुपसलेलं धनुष्य

हुस्तिना फटकळ बाई. मानिकी नदीच्या काठावर तिच्यासारखी कसाव्याची दारू कुणी आंबवत नसे, आणि ती पाजता पाजता पाहुण्याचे वाभाडे काढणारीही दुसरी नव्हती. जे असेल ते तोंडावर. पण थोरला मुलगा साप चावून गेला, तेव्हा या बाईनं जन्मात पहिल्यांदा लपवाछपवी केली.

आमच्यात गेलेल्या माणसाचं सगळं मोडून त्याच्याबरोबर पुरतात, घर सोडतात आणि त्याचं नाव पुन्हा तोंडी घेत नाहीत. हुस्तिनानं घर सोडलं, नाव घेणं सोडलं, त्याची होडी फोडली, वल्ही तोडली. मासे मारायचं त्याचं धनुष्य तेवढं तिच्यानं मोडवेना. ते तिनं नव्या घराच्या छपरात, पानांच्या आड खुपसून ठेवलं.

पाणी उतरून नितळ झालं, साबालो मासे वर चढू लागले. धाकटा सेल्सो शिकारीचं धनुष्य घेऊन नदीवर जायचा आणि हात हलवत परत यायचा.

“डुक्कर मारायचंय की मासा?” त्याचा मामा तोरिबिओ म्हणाला. “एवढं ताठ धनुष्य कशाला रे? बाण जातो खोल चिखलात. तू तो उपटत बसतोस, तोवर बाकीचे पसार. शिवाय दुपारपर्यंत तुझे दंड लटपटायला लागतात.”

मग मामानं स्वतःची तीन धनुष्यं आणली. एक आखूड निघालं, त्यावर लांब बाण पेलेना. दुसरं इतकं मऊ की बाण खवल्यांवरून घसरायचा. तिसऱ्याला हात लावून सेल्सोनं नुसती मान हलवली.

“धनुष्य बघतोयस की नवरी?” मामा वैतागला.

“नवरीला निदान बोलता तरी येतं, मामा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हुस्तिनानं छपरातून ते काळंभोर ताडाचं धनुष्य काढलं. घरात मासा नव्हता, हे खरं. पण ते पुन्हा कुणाच्या तरी हातात बघावं असं तिला वाटत होतं, हेही खरं. “आजोबांचं आहे तुझ्या,” ती म्हणाली.

सेल्सोनं दोरी चढवली, ओढून पाहिली आणि थेट नदीकडे गेला. ऊन डोक्यावर यायच्या आत तो होडीभर मासे घेऊन आला. चुलीपाशी बसत म्हणाला, “म्हातारे, डोकं मला ठेव.”

हुस्तिनाचा हात भांड्यावरच थांबला. सेल्सोला लहानपणापासून माशाच्या डोक्याची शिसारी. आणि तिला म्हातारी म्हणायचा तो फक्त थोरला. अंगावर सरसरून काटा आला तिच्या. पण खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटलं. तिनं सगळ्यात मोठं डोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

तेव्हापासून ती रोज डोकं ठेवू लागली. सेल्सो डाव्या हातानं दोरी ओढू लागला, तरी ती गप्प. मग तो लंगडायला लागला. डावा घोटा टम्म सुजला होता, वर चाव्याची खूण नव्हती, काटाही नव्हता. थोरल्याला साप त्याच घोट्याला चावला होता.

मामा बघायला आला. त्यानं धनुष्य उचललं, मधल्या भागावरून अंगठा फिरवला. बाण घासून झालेली खाच उलट्या बाजूला होती, डावखुऱ्याची.

“आजोबांचं म्हणालीस ना?” तो हळू आवाजात म्हणाला. “ताई, बाबांचं धनुष्य मी माझ्या हातानं मोडलंय. हे कुणाचं, ते मी तोंडानं बोलणार नाही. पण एकाला ठेवशील तर दुसराही हातचा जाईल.”

“थोडे दिवस राहू दे रे,” ती म्हणाली.

“पोराचा पाय बघ आधी.”

तिनं पाहिला. काळसर झाला होता, गुडघ्यापर्यंत.

धनुष्य घेऊन ती नदीवर गेली. सेल्सो तिच्यामागे लंगडत आला. “सेल्सो, घरी जा,” ती म्हणाली. तो तसाच बघत राहिला, जणू ती कुणा तिसऱ्यालाच हाक मारत होती. तिनं पुन्हा हाक मारली. तो ढिम्म हलला नाही.

मग तिनं धनुष्य गुडघ्यावर धरलं.

“म्हातारे,” तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. “आधी पुरलंस. आता पुन्हा?”

ती हुंदका आवरत म्हणाली, “जा रे माझ्या राजा,” आणि सगळं बळ लावून तिनं ते मोडलं.

सेल्सो मटकन खाली बसला. मग त्यानं वर पाहिलं. दोन तुकडे बघितले, आईचा चेहरा बघितला आणि तिचा हात धरला.

“रडतेस कशाला, आई?” तो म्हणाला. “मामा देईल की दुसरं.”