आत्याचा कॉम्प्रेसर

आमच्या गॅरेजात दहाचा पाना रोज हरवतो, किस्सा मात्र एकही हरवत नाही. कुणी चहाला टेकलं की नवा जमा! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं.

गॅरेज म्हणजे बाळकुमच्या आमच्या घराचा तळमजला. तिथे माझी आत्या स्कूटर दुरुस्त करते. यंदा तिने ठरवलं, रंगकामही आपणच करायचं. आजोबांनी अट घातली, "पयली माजी गारी रंगव. येक जरी ओघळ आला, तर रंगाचा नाद सोड!"

आजोबांना आता जवळजवळ दिसत नाही. तरी आपल्या त्या जुन्या स्कूटरला ते कुणाला हात लावू देत नव्हते. म्हणजे आत्याला एकच संधी! आणि त्यासाठी हवा होता एअर कॉम्प्रेसर.

*

बाबांनी सरप्राइज म्हणून ऑनलाइन मागवला. खोक्यातून निघालं डब्याएवढं यंत्र! आत्याने ते तळहातावर तोललं.

"दादा, वाढदिवसाचे फुगे मस्त फुगतील."

"फोटोत मोठा दिसत होता गं!"

मग तिने समजावलं. टायरला थोडी हवा पुरते, स्प्रे गनला सलग लागते. टाकी लहान असेल तर मध्येच दाब पडतो आणि रंगाचे ठिपके उडतात. हे सगळं ती कधी शिकली, देव जाणे!

*

ठाण्यातला दुकानदार सगळं बाबांनाच सांगत होता. "साहेब, दोन एचपी, पन्नास लिटर. डोळे झाकून घ्या!"

आत्याने विचारलं, "मिनिटाला हवा किती देतो?"

तो बाबांकडे बघूनच म्हणाला, "दीडशे लिटर!"

"कागदावर, की गनच्या तोंडाशी?"

आता तो सावकाश आत्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही कंपनीकडून आलात का?"

*

पुढच्या दुकानात शेजारचे नाखवाकाकाही आलेले. होडीच्या इंजिनापाशी आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू येतं, पण यंत्राची परीक्षा ते रुपयाने घेतात. चालू मशीनवर नाणं उभं राहिलं, तर मशीन खरं!

तीनदा नाणं पडलं. चौथ्यांदा मात्र ताठ उभं! काका ओरडले, "बघा, जरा तरी थरथर हाय?"

आत्या त्यांच्या कानाशी वाकली. "काका, लाइट गेलीय."

*

कल्याणच्या दुकानात आत्याने टाकी पूर्ण भरायला लावली, मशीन बंद केलं आणि म्हणाली, "चला, जेवून येऊ."

दुकानदार बघतच राहिला. हवा कुठूनही गळत असेल, तर तासाभरात दाबाचा काटा खाली येणार होता.

आम्ही परतलो, तर तो स्वतःच काट्यासमोर स्टूल टाकून बसलेला. जेवणाचा डबा तसाच बंद!

"ताई, केसभर हलला नाही. मीपण हललो नाही!"

तोच घेतला.

*

खाडीजवळच्या दमट हवेने टाकीत पाणी साठतं, आणि ते रंगात गेलं की फोड येतात. म्हणून आत्याने आधी टाकीखालचा कॉक उघडून थेंब न् थेंब काढला. मग आजोबांची स्कूटर निळी रंगवली. दोन दिवस कुणालाही आत सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबांना हाताला धरून आणलं. त्यांनी तळहात हँडलवर ठेवला. मग पुढचं पत्र्याचं अंग, मग सीटखालचा भाग. मडगार्डच्या आतली कडही त्यांनी बोटाने चाचपली, जिथे कुणी कधी बघतही नाही. आत्याने ओढणीचं टोक घट्ट धरलेलं. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आजोबा सरळ उभे राहिले. धोतर सारखं केलं.

"पोरी," ते म्हणाले, "चावी आन. मी मागं बसतो."